भर वाऱ्यात पाइप कसा ओढावा?

उत्तरसमुद्र (अ‍ॅबर्डीन)

नमस्कार. नोकरीनिमित्त मी स्कॉटलंडमधील अ‍ॅबर्डीन येथे राहतो आणि काही वर्षांपासून पाइप ओढतो. येथे २६ मार्च २००६ पासून बंदिस्त सार्वजनिक जागांत धूम्रपानास मनाई आहे आणि माझ्या भाड्याच्या घराच्या करारातही तीच अट आहे. त्यामुळे पाइप ओढायचा तर तो उघड्यावर, आणि उघड्यावर म्हणजे उत्तर समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात, जो वर्षातील फार थोडे दिवस स्वस्थ असतो.

पेटवणे कठीण जाते हे समजण्यासारखे आहे, पण एकदा पेटल्यावरही पाइप सुखाने ओढता येत नाही. तंबाखू एका बाजूने भराभर जळत खाली जाते आणि दुसऱ्या बाजूला कोरी राहते, पाइपचे भांडे हातात धरवत नाही इतके तापते, आणि एरवी पाऊण तास पुरणारी तंबाखू वीस मिनिटांत संपून जिभेला तेवढा चटका उरतो. चवही धड लागत नाही. विशेष म्हणजे भिंतीच्या आडोशाला हीच तंबाखू आणि हाच पाइप उत्तम चालतो.

माझा पाइप मध्यम आकाराच्या भांड्याचा, सरळ दांडीचा, ब्रायर लाकडाचा आहे. तंबाखू सुगंधी आणि बारीक कापाची असते, आणि पेटवण्यासाठी मी साधा गॅसचा लायटर वापरतो. झाकण असलेला पाइप घ्यावा, तंबाखू बदलावी, की भरण्याच्या पद्धतीतच काही फरक करावा, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे. पाइप सोडून देण्याचा सल्ला घरातून नियमित मिळत असतो, तेव्हा तो येथे कृपया नको.

जुना दर्यावर्दी (रत्नागिरी)

आपली तक्रार पाइप विझण्याची नसून तापण्याची आहे, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. वाऱ्यात पाइप विझणार अशी धास्ती घेऊन बहुतेक लोक जे उपाय करतात ते नेमके उलटे असतात: तंबाखू सैल भरतात, जोरजोरात झुरके घेतात आणि पुन्हा पुन्हा लायटर लावतात. एकदा निखारा नीट धरला की वारा त्याला सहसा विझवत नाही, भात्यासारखा फुलवतो. ज्या बाजूने वारा कडेवरून आत उतरतो त्या बाजूची तंबाखू आधी जळते, तेथली भिंत सर्वांत जास्त तापते, आणि असे वारंवार झाले तर लाकूड आतून कोळसू लागते. ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राच्या आसपास वाढणाऱ्या एरिका आर्बोरिया या झुडपाच्या मुळाशी येणारी गाठ. ती इतर लाकडांपेक्षा आगीपुढे पुष्कळ टिकते, पण तिलाही मर्यादा आहेच. भांड्याच्या आत काजळीचा साधारण एक मिलिमीटरचा थर जमलेला असेल तर तो खरवडून काढू नका, कारण भिंतीचे रक्षण तोच करतो.

तापण्याचे दुसरे कारण आपल्या ओढण्यात असते. पाइपची चव बव्हंशी नाकाला कळते. वारा तोंडाजवळचा धूर तत्क्षणी उडवून नेतो, त्यामुळे धूरच येत नाही असे वाटून माणूस नकळत वेगाने ओढू लागतो, आणि मग वरून वारा फुंकतो व खालून आपण ओढतो अशा दुहेरी माऱ्यात तंबाखू सापडते. उघड्यावर घरातली चव मिळणार नाही हे एकदा मान्य करावे आणि झुरक्यांची गती आडोशाला असते त्याहूनही मंद ठेवावी. पाइप मधेच विझला तर विझू द्यावा. जरा निवल्यावर पुन्हा पेटवलेला पाइप हा तापवून तापवून जिवंत ठेवलेल्या पाइपपेक्षा केव्हाही बरा लागतो.

भरताना तळाची तंबाखू सैल, मधली किंचित दाबून आणि वरचा थर नेहमीपेक्षा घट्ट असा क्रम ठेवावा. न पेटवता एकदा ओढून पाहावे. हवा येताना थोडा अडथळा जाणवला पाहिजे, पण जोर लावावा लागता कामा नये. भांडे काठोकाठ भरू नये. वर बोटाच्या अर्ध्या पेराएवढी जागा मोकळी सोडली, तर निखारा कडेच्या खाली राहतो आणि त्या कडेचाच त्याला आडोसा होतो. सर्वांत उपयोगाची गोष्ट म्हणजे राख झटकू नये. पहिल्या पेटवणीनंतर वर फुगून आलेला थर टँपरने (तंबाखू दाबण्याच्या छोट्या दांडीने) हलकेच दाबावा आणि दुसऱ्यांदा पेटवल्यावर जमणारी राख तशीच निखाऱ्यावर बसू द्यावी. राखेचा हा पापुद्रा वाऱ्याला निखाऱ्यापर्यंत सरळ पोहोचू देत नाही, आणि त्यासाठी दुकानात काही विकत घ्यावे लागत नाही. उरलेले काम अंगठ्याचे. वाऱ्याकडची अर्धी बाजू अंगठ्याने झाकून ठेवावी, आणि भांडे अंगठ्याला सोसवेनासे झाले की आपण फार जोराने ओढत आहोत असे समजून थांबावे.

आता उभे कसे राहावे आणि चालावे कसे, हे सांगतो. वाऱ्याकडे अगदी सरळ पाठ केली तर अंगासमोर हवेचा भोवरा तयार होतो आणि धूर व राख डोळ्यांत येतात. खांदा वाऱ्याकडे करून जरा तिरके राहिले की हा त्रास पुष्कळ कमी होतो. बल्क कॅरिअरवर, म्हणजे सुटा माल वाहणाऱ्या जहाजावर, असताना आम्ही पाहत असू, की जहाज चौदा नॉट वेगाने चालले असेल आणि मागून तेवढाच वारा असेल तर डेकवर जवळजवळ निवांत असते, आणि तोच वारा समोरून आला तर टोपी डोक्यावर राहत नाही. चालणाऱ्या माणसालाही लहान प्रमाणात हेच लागू आहे. आपला फेरफटका किनाऱ्यालगत जाऊन परत येण्याचा असेल, तर वाऱ्याविरुद्धची वाट आधी संपवावी आणि पाइप परतीला, वारा मागून असताना पेटवावा. (टँकरवर मात्र डेकवर काडेपेटीसुद्धा नेता येत नाही, धूम्रपान नेमून दिलेल्या खोलीतच करावे लागते. म्हणून हे सारे ज्ञान बल्क कॅरिअरवरचे समजावे.)

शनिवारकर (पुणे)

दर्यावर्दी काकांच्या उत्तरात झाकणाचा उल्लेख राहिला आहे, म्हणून थोडे लिहितो. भोके असलेले धातूचे झाकण हे वाऱ्यावरचे हुकमी औषध आहे असे विक्रेते सांगतात, परंतु माझ्या मते झाकणाचे मूळ काम ठिणगी बाहेर उडू न देणे हे आहे. जर्मन भाषक प्रदेशांतील जुन्या लांब दांडीच्या पाइपांना बिजागरीची झाकणे दिसतात. त्या काळी शहरांत लाकडी घरे आणि गवताच्या गंजी यांमुळे आगीचे भय मोठे होते. बर्लिनमध्ये तर रस्त्यात धूम्रपान करण्यावर बंदी होती आणि ती १८४८च्या मार्चमधील क्रांतीच्या वेळी उठली.

झाकणाने वाऱ्याचा थेट झोत अडतो हे खरे आहे. पण ते स्वतः तापते, त्याखालची तंबाखू दाबण्यासाठी दर वेळी ते काढावे लागते, आणि ते काढताना बोट भाजते. उघडझाप करता येणारे, पाइपलाच जोडलेले झाकण असेल तर गोष्ट थोडी सुसह्य होते. सुटे झाकण घ्यायचे असेल तर भांड्याचा बाहेरचा व्यास मोजून घ्यावा, कारण ते सैल बसले तर पहिल्याच झुळुकीत समुद्रार्पण होते.

याच विषयातील एक गमतीदार वस्तू म्हणजे आल्फ्रेड डनहिल यांचा विंडशील्ड पाइप. घोड्याचे खोगीर व सामान बनवण्याचा वडिलांचा व्यवसाय त्यांनी १८९३ मध्ये हाती घेतला आणि मोटारी आल्यावर तो मोटारचालकांना लागणाऱ्या वस्तूंकडे वळवला. तेव्हाच्या मोटारी उघड्या असत. त्यात बसून पाइप ओढता यावा म्हणून भांड्याची पुढची कड उंच करून वारा अडवणाऱ्या पाइपचे पेटंट त्यांनी १९०४ मध्ये घेतले. लंडनच्या ड्यूक स्ट्रीटवरील त्यांचे तंबाखूचे दुकान १९०७ मध्ये निघाले, म्हणजे इतक्या प्रसिद्ध व्यवसायाच्या उगमाशी आपलाच प्रश्न आहे. या रचनेतील दोष उघड आहे: मोटारीत वारा नेहमी समोरूनच येतो, समुद्रकिनाऱ्यावर तो वाटेल तिकडून येतो.

माझा कल वाकड्या दांडीच्या पाइपकडे आहे. त्याचे भांडे हनुवटीच्या खाली, छातीजवळ राहते, कोटाच्या कॉलरचा आडोसा त्याला आपोआप मिळतो आणि दातांत धरला तरी जबड्यावर भार येत नाही. मक्याच्या कणसाच्या बुरखुंडाचा पाइपही जवळ असू द्यावा. अमेरिकेतील मिसूरी राज्यात वॉशिंग्टन नावाच्या गावी हे पाइप १८६९ पासून बनतात. हा पाइप स्वस्त आणि हलका असतो, आणि खडकावर पडून फुटला तर रात्रीची झोप जात नाही. मीरशॉमचा पाइप मात्र किनाऱ्यावर नेऊ नये. तुर्कस्तानातील एस्किशेहिर भागात सापडणारा हा सच्छिद्र खनिज उष्णता छान सोसतो, पण पडला की संपला.

चकमक (कोल्हापूर)

पेटवण्याबद्दल फारसे कोणी लिहिलेले नाही. साध्या गॅसच्या लायटरमध्ये ब्युटेन असतो आणि त्याचा उत्कलनबिंदू उणे ०.५ अंश सेल्सिअस आहे. म्हणजे अ‍ॅबर्डीनच्या हिवाळ्यात बाहेरच्या खिशात राहिलेला लायटर गॅस भरलेला असूनही नीट पेटणार नाही. तो शर्टाच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवावा. झोत फेकणारा जेट लायटर वाऱ्यात विझत नाही, परंतु त्याची ज्योत इतकी प्रखर असते की तंबाखूबरोबर पाइपची कडही जळते, म्हणून महागड्या पाइपला तो दाखवूही नये.

अमेरिकेतील ब्रॅडफर्ड गावी १९३३ मध्ये पहिला झिपो लायटर तयार झाला. त्याच्या ज्योतीभोवती भोके असलेली जाळी असते, तिच्यामुळे तो वाऱ्यातही जळत राहतो. पाइपसाठी त्याचा वेगळा आतील भाग मिळतो, ज्याच्या जाळीला बाजूने मोठे गोल छिद्र असते. ते भांड्याच्या तोंडावर धरून ओढले की ज्योत आत खेचली जाते. त्याच्या इंधनाचा वास सुरुवातीला येतो. इंधन काही दिवसांत आपोआप उडून जाते, हा त्याचा आणखी एक अवगुण.

काडेपेटीच वापरायची असेल तर दोन काड्या एकत्र ओढाव्यात, ओंजळ करून त्या तोंडाशी नेण्यापूर्वी गुलाचा रासायनिक वास क्षणभर जाऊ द्यावा, आणि ज्योत भांड्याच्या वाऱ्याकडच्या बाजूने आत सोडावी. वारा ती स्वतःच पलीकडे नेतो.

परंतु भर वाऱ्यासाठी सर्वांत युक्तीचे साधन ज्योतीचे नव्हेच. आपल्याकडे पानाच्या टपरीवर काथ्याची धुमसती दोरी टांगलेली असते, तिच्यावर लोक विडी पेटवतात. स्पेनमधील मेंढपाळांचा लायटर याच जातीचा आहे: चाक फिरवून ठिणगी पाडायची, ती सुती दोरीच्या टोकाला धरते, आणि वारा जितका जास्त तितके टोक अधिक फुलते. आमच्याकडे जुनी माणसे चकमक आणि गार यांनी कापसावर ठिणगी पाडून तो चिलमीवर ठेवत, तेही हेच. दोरीने पाइप पेटायला वेळ लागतो आणि पहिल्या झुरक्यांत जळक्या सुताची चव येते, हे आधीच सांगून ठेवतो.

माळावर धनगर चिलीम ओढताना पाहावा. चिलमीच्या खालच्या टोकाला ओले फडके, दोन्ही हातांची ओंजळ तिच्याभोवती, आणि वाऱ्याकडे खांदा. झाकण, कॉलर आणि अंगठा ही तिन्ही कामे त्या दोन हातांतच उरकतात.

उत्तरसमुद्र (अ‍ॅबर्डीन)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. राख न झटकण्याचा आणि परतीला पेटवण्याचा असे दोन्ही उपाय करून पाहिले. भांडे अजूनही गरम होते, पण हातातून सोडावे लागत नाही आणि तंबाखू बऱ्यापैकी सारखी जळते. आता तंबाखूविषयी कोणी लिहील का? दुसरे असे, की मार्चमध्ये भारतात येणार असून मित्रांबरोबर सह्याद्रीत दोन-तीन किल्ल्यांवर जाण्याचा बेत आहे. तेथेही वारा असतोच, म्हणून काही वेगळी काळजी घ्यावी लागेल का?

सरोवरकाठी (लँकेस्टर)

तंबाखू बदलावी असेच मी सुचवेन. बारीक, सुट्या कापाची तंबाखू हवा मिळताच भडकते, आणि सुगंधी प्रकारांत बरेचदा ओलावा व गोडवा अधिक असल्याने ती पेटताना त्रास देते आणि पेटल्यावर वाफेने जीभ भाजते. त्याऐवजी दाबून वड्या केलेली आणि मग पातळ चकत्या कापलेली फ्लेक तंबाखू घ्यावी. ती चुरू नये. चकती दुमडून, तिची घडीच भांड्यात बसवावी आणि पेटण्यासाठी वर थोडा चुरा टाकावा. ती इतकी घट्ट असते की वाऱ्यालाही तिला घाईने जाळता येत नाही.

आपण ब्रिटनमध्येच आहात, तेव्हा लेक डिस्ट्रिक्टच्या वेशीवरील केंडल गावचा माल सहज मिळेल. तेथील सॅम्युएल गॉविथ या तंबाखू व्यवसायाचा उगम १७९२ चा सांगितला जातो. तेथील पीळ दिलेली, दोरासारखी ट्विस्ट तंबाखूही मिळते. मच्छीमार आणि खाणकामगार ती पूर्वापार वापरत, कारण ती फार हळू जळते. सुरीने पातळ चकत्या कापून त्या घंटाभर उघड्या ठेवून सुकवाव्यात. ट्विस्टमध्ये निकोटीन पुष्कळ असते, म्हणून ती उपाशीपोटी ओढू नये आणि लहान भांड्यातच भरावी. लहान भांड्याचा दुसरा फायदा असा, की थंडीत अर्धवट ओढलेला पाइप खिशात ठेवण्याची वेळ येत नाही.

थंड हवेत नळीत पाणी साचून गुरगुर होते. तेव्हा जोराने न ओढता पाइप क्लिनर नळीतून आत-बाहेर करावा. आणि अंगावर काय घालता तेही पाहा. फ्लीस किंवा नायलॉनच्या जाकिटावर ठिणगी पडली की लगेच वितळून भोक पडते, लोकरीच्या कोटावर ती बहुधा विझून जाते.

गडवाट (सातारा)

मार्चमधील सह्याद्रीबद्दल माझे उत्तर अगदी स्पष्ट आहे: पाइप घरी ठेवून या. फेब्रुवारीपासून पहिल्या पावसापर्यंत डोंगरउतारावरचे गवत पूर्ण वाळलेले असते आणि दुपारनंतर वारा उताराने वर चढतो. एका ठिणगीने लागलेला वणवा तासाभरात अख्खी धार खातो. जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी, कारवीची झुडपे, वस्तीजवळच्या गवताच्या गंजी, सगळे त्यात जाते, आणि विझवायला झाडाच्या ओल्या फांद्यांखेरीज हाताशी काही नसते. कायद्याच्या दृष्टीनेही, भारतीय वन अधिनियम १९२७च्या कलम २६ प्रमाणे राखीव वनात आग पेटवणे किंवा नेणे हा गुन्हा आहे, आणि बऱ्याच किल्ल्यांचे उतार राखीव वनातच येतात.

पाइपचा विशेष धोका ओढताना नसून नंतर असतो. तळाशी उरलेली, विझली असे वाटणारी तंबाखू लोक दगडावर ठोकून रिकामी करतात, आणि तिच्यात निखारा जिवंत असतो. अ‍ॅबर्डीनच्या ओल्या हिरवळीवर ते कदाचित खपून जात असेल. पायथ्याच्या गावात, शेणाने सारवलेल्या अंगणात, यजमानाला विचारून ओढलात तर कोणाचीही हरकत नसावी. तेथेही उरलेली राख पत्र्याच्या डबीत घ्यावी आणि तीत थोडे पाणी घालावे.

दंतवैद्य (नाशिक)

सोडण्याचा सल्ला नको असे आपण म्हटले आहे, म्हणून मी केवळ जिभेच्या चटक्याबद्दल लिहितो, जो आपल्या प्रश्नातच आहे. पाइपचा धूर गरम असतो आणि सिगारेटच्या धुरापेक्षा सहसा अधिक अल्कधर्मी असतो, त्यामुळे तो छातीत न ओढताही निकोटीन तोंडाच्या आतील त्वचेतून शोषले जाते, आणि त्याच कारणाने तोंडाला व ओठाला कर्करोगाचा धोकाही राहतो. गरम पाइप सतत ओढणाऱ्यांच्या टाळूवर पांढरट थर आणि त्यात लाल ठिपके दिसू लागतात. हा बदल मुख्यतः उष्णतेमुळे होतो आणि ओढणे थांबवल्यास बहुधा मावळतो. जिभेच्या कडेला, ओठावर किंवा गालाच्या आत पांढरा अथवा लाल चट्टा दिसला, किंवा दोन आठवड्यांत न भरणारी जखम झाली, तर मात्र ती पाइपच्या चटक्याची आहे असे गृहीत धरून बसू नये, दाखवून घ्यावी. पाइप नेहमी ओठाच्या एकाच कोपऱ्यात धरण्याची सवय असेल तर तो कोपरा आरशात अधूनमधून पाहत जा. आणि चटका बसलेला असताना दुसरा पाइप भरू नये, जीभ पूर्ववत होईपर्यंत थांबावे.

जुना दर्यावर्दी (रत्नागिरी)

शनिवारकरांचे झाकणाबद्दलचे मत मला निम्मे पटते. भुरभुर पाऊस आणि वारा एकत्र असतील, जे अ‍ॅबर्डीनमध्ये नित्याचे असावे, तेव्हा झाकणाने तंबाखू तरी कोरडी राहते. त्यासाठी ते खिशात असावे. काही जुने खलाशी अशा वेळी दातांत धरलेला पाइप चक्क उलटा फिरवून, भांड्याचे तोंड खाली करून ओढत. तंबाखू घट्ट भरलेली आणि वरचा थर नीट दाबलेला असेल तर ती पडत नाही. फ्लेकची दुमडलेली घडी असेल तर हे आणखी सोपे जाते, पण पहिल्यांदा करताना खाली फरसबंदी असावी आणि अंगात तो नायलॉनचा कोट नसावा.